परदेशी मालिका आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक : एक आढावा

एका देशात तयार झालेली कौटुंबिक मालिका दुसऱ्या देशात तिथल्या भाषेचे आवाज चढवून दाखवली की ती तिथल्या माणसाला आपलीशी का वाटते, हा प्रश्न माध्यमांच्या अभ्यासकांनी गेली चार दशके निरनिराळ्या अंगांनी मांडला आहे, आणि त्यात फिलिपिन्समध्ये तागालोग भाषेत ऐकवल्या गेलेल्या मेक्सिकन मालिकांचे उदाहरण वारंवार पुढे येते. महाराष्ट्रात, त्यातही चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत, तोच प्रश्न जरा अडनिड्या रूपात समोर येतो. तुर्की आणि कोरियन मालिका इथे पोचतात त्या मराठीतून नव्हे, तर हिंदीतून; आणि ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराभोवतीच्या गावांतल्या प्रेक्षकाने त्या हिंदीपर्यंत येण्याआधी घरची झाडीबोली किंवा गोंडी आणि मग शाळेतली प्रमाण मराठी अशा दोन पायऱ्या चढलेल्या असतात. अशा प्रेक्षकाला इस्तंबूल किंवा सेऊलची गोष्ट पचनी पडते याचे श्रेय सहसा स्वस्त मोबाइल डेटाला किंवा परदेशाच्या झगमगाटाला दिले जाते. ही दोन्ही कारणे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. या पट्ट्यात रडव्या, लांबलचक, घरातल्या माणसांनीच एकमेकांचा घात करण्याच्या गोष्टीची चव झाडीपट्टीच्या रंगभूमीने फार आधी लावून ठेवली आहे, आणि ‘आपली’ म्हणून दाखवली जाणारी मराठी मालिका इथल्या बोलीपासून इतकी लांब आहे की हिंदीत बोलणारी तुर्की मुलगी तिच्यापेक्षा फारशी परकी ठरत नाही.

प्रथम या कथाप्रकाराची ओळख करून घेणे आवश्यक आहे. टेलिनोव्हेला म्हणजे लॅटिन अमेरिकेत रूढ झालेली, आठवड्यातून पाच-सहा दिवस चालणारी, परंतु शेवट असणारी मालिका. साबणाच्या कंपन्यांच्या जाहिरातींवर पोसलेली अमेरिकन दैनंदिन मालिका पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू शकते, तर टेलिनोव्हेला साधारण शंभर-दोनशे भागांत नायिकेला न्याय मिळवून देते आणि संपते. तिची मुळे क्युबाच्या रेडिओत आहेत. फेलिक्स काइग्नेत यांची १९४८ सालची ‘एल देरेचो दे नासेर’ ही श्राव्य मालिका पुढे अनेक देशांत पडद्यावर पुन्हा पुन्हा आली. त्याहीमागे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वृत्तपत्रांत क्रमशः छापली जाणारी कादंबरी आहे. ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीची १९७६ सालची ‘इझौरा’ ही एका गुलाम मुलीची कथा पोलंड, क्युबा आणि चीनपर्यंत गेली. मेक्सिकोची १९७९ सालची ‘श्रीमंतही रडतात’ या अर्थाच्या नावाची मालिका सोव्हिएत संघ मोडत असताना, १९९१-९२ मध्ये, रशियन घरांत पाहिली गेली. जपानच्या एनएचकेने १९८३ साली काढलेली ‘ओशिन’ ही सातव्या वर्षी कामाला धाडल्या गेलेल्या गरीब मुलीची जीवनकहाणी साठाहून अधिक देशांत दाखवली गेली. तेव्हा अमेरिका सोडून इतर देशांच्या कथांनी एकमेकांच्या घरांत शिरण्याची वाट नवी नाही. ती उपग्रह वाहिन्यांच्याही आधीची आहे.

फिलिपिन्समध्ये ही वाट १९९६ साली हमरस्ता झाली. आरपीएन या वाहिनीने थालिया या अभिनेत्रीची ‘मारीमार’ ही मेक्सिकन मालिका तागालोग आवाज देऊन दाखवायला सुरुवात केली आणि तिने त्या देशाची संध्याकाळ ताब्यात घेतली. समुद्रकाठच्या झोपडीत आजी-आजोबांजवळ वाढलेली, लिहिता-वाचता न येणारी मुलगी जमीनदाराच्या मुलाशी लग्न करते, सासरी तिचा पदोपदी अपमान होतो, आणि पुढे ती श्रीमंत होऊन दुसऱ्या नावाने परत येते व सगळ्यांचे हिशेब चुकते करते, असे तिचे कथानक आहे. तिच्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे सावत्र सासू चिखलात बांगडी टाकते आणि चोरीचा आळ आलेल्या नायिकेला ती दातांनी उचलायला लावते. या प्रसंगाला भाषांतर फारसे लागतच नाही. संपत्ती, चिखल आणि वाकलेली मान एवढ्यावर तो उभा आहे. त्याच वर्षी थालिया मनिलाला आली तेव्हा तिच्या स्वागताला लोटलेली गर्दी पाहण्यासारखी होती आणि १९९७ मध्ये तिने तागालोग गाण्यांचा संग्रहही गायला. २००३ मध्ये तैवानची ‘मीटिऑर गार्डन’ तशीच तागालोग होऊन आली आणि तिने मेक्सिकोकडून आशियाकडे प्रेक्षकांचे तोंड वळवले.

या उदाहरणातली एक बाब मात्र बहुधा दुर्लक्षिली जाते. तागालोग ही सर्व फिलिपिनो लोकांची मातृभाषा नाही. त्या देशात शंभराहून अधिक भाषा आहेत, राष्ट्रभाषा फिलिपिनो ही तागालोगवर आधारलेली आहे, आणि सेबू बेटावरच्या माणसाची घरची भाषा सेबुआनो असते. म्हणजे ‘मारीमार’ त्याच्याकडे स्पॅनिशमधून थेट आलीच नाही; मधल्या, राजधानीच्या भाषेतून आली. आवाज चढवल्याने मालिका स्थानिक होते, असे जे म्हटले जाते ते म्हणूनच अर्धवट खरे आहे. ती स्थानिक होत नाही, ती देशी होते. मोहर्लीच्या संदर्भात हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण हिंदीची जागा इथे नेमकी तीच आहे.

भारतात या कथाप्रकाराचा प्रवेश प्रथम डबिंगमधून नव्हे तर अनुकरणातून झाला आणि त्यात विदर्भाचा हात होता. वर्ध्याचे खासदार वसंत साठे केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री असताना १९८२ मध्ये मेक्सिकोला गेले, तेव्हा त्यांना तिथे साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा प्रसार करणाऱ्या मालिकांची माहिती झाली. मिगेल साबिदो या नाट्यदिग्दर्शकाने १९७५ पासून रचलेल्या या मालिकांची पद्धत अशी की एक चांगले, एक वाईट आणि एक डळमळीत अशी तीन प्रकारची पात्रे ठेवायची आणि प्रेक्षकाचा जीव तिसऱ्यात अडकवायचा. त्या प्रेरणेतून ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीतून उतरलेल्या या मालिकेचे दीडशेहून अधिक भाग झाले आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार दोन शब्द सांगून जात. आरंभी कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका ठासून भरला होता की प्रेक्षक कंटाळले, आणि उपदेश पातळ करून भांडणे-प्रेमे वाढवली तेव्हाच मालिका चालली. सरकारी उद्देशाने आणलेली गोष्ट लोकांनी स्वतःच्या उद्देशाने पाहिली, हा धडा पुढच्या सगळ्या आयातीला लागू पडतो.

आवाज चढवून आलेली, घरोघरी पाहिली गेलेली परदेशी मालिका म्हणायची तर १९९३ सालची ‘जंगल बुक’ आठवावी लागते. ही निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९ सालची जपानी चित्रमालिका. हिंदीत तिला गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचे शीर्षकगीत मिळाले आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. इंग्रज लेखकाने सिवनीच्या जंगलावर लिहिलेली कथा, जपानी चित्रकारांनी रेखाटलेली, मराठी नटाच्या हिंदीतून वाघाच्या तोंडी, आणि दाखवली गेली ती सिवनीला लागून असलेल्या पेंचपासून खाली ताडोबापर्यंत खरे वाघ वावरणाऱ्या मुलखातही, असा हा फेरा आहे. त्यातल्या कुठल्या टप्प्यावर ती परकी होती हे सांगणे सोपे नाही. पुढे २००६ मध्ये दूरदर्शनने कोरियाच्या राजवाड्यातील स्वयंपाकघरात घडणारी ‘ज्वेल इन द पॅलेस’ हिंदीत दाखवली, पण तेव्हा उपग्रह वाहिन्यांवरच्या सासू-सुनांचा जोर एवढा होता की तिचा फारसा गवगवा झाला नाही.

खरी भरती आली ती झी समूहाने २३ जून २०१४ रोजी सुरू केलेल्या ‘जिंदगी’ वाहिनीमुळे. पाकिस्तानी मालिकांना आवाज चढवण्याची गरज नव्हती. ‘जिंदगी गुलजार है’ आणि ‘हमसफर’ यांची उर्दू जशीच्या तशी चालली, आणि मोजक्या भागांत संपणारी, भडक संगीताशिवाय पुढे सरकणारी मालिका असू शकते हे हिंदी प्रेक्षकाला नव्याने कळले. २०१५ मध्ये त्याच वाहिनीवर तुर्कीची ‘फेरिहा’ हिंदी आवाजांत आली. उच्चभ्रू इमारतीच्या दरवानाची मुलगी शिष्यवृत्तीवर महागड्या खासगी विद्यापीठात जाते, तळघरातले आपले घर लपवते आणि श्रीमंत मुलाच्या प्रेमात पडते, ही तिची गोष्ट. पाठोपाठ ‘फातमागुल’ आली. सप्टेंबर २०१६ मधील उरी हल्ल्यानंतर पाकिस्तानी मालिका थांबल्या, २०१७ मध्ये वाहिनीच बंद झाली आणि हा सारा ओघ मोबाइलकडे वळला. उरी हल्ल्याच्याच महिन्यात जिओची सेवा सुरू झाली होती. एमएक्स प्लेअरसारख्या फुकट, जाहिरातींवर चालणाऱ्या मंचाने तुर्की, कोरियन आणि चिनी मालिका हिंदी, तमिळ व तेलुगू आवाजांत रांगेने ओतल्या. त्यातली ‘डे ड्रीमर’ ही तुर्की मालिका विशेष पाहिली गेली. पैसे मोजावे लागणाऱ्या मंचांपेक्षा खेड्यापाड्यांत या फुकट मंचांचा आणि डिसेंबर २००४ पासून चालू असलेल्या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेचा वाटा मोठा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय ग्रामीण प्रेक्षकाविषयी बोलणे व्यर्थ आहे.

मोहर्ली हे भद्रावती तालुक्यातले, इरई धरणाच्या जलाशयाजवळचे गाव, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या ताडोबाचे सर्वाधिक वर्दळीचे प्रवेशद्वार. गाइड, जिप्सीचालक, रिसॉर्टवरचे कामगार, वनमजूर हा इथला रोजगार. दिवस पहाटेच्या सफारीने सुरू होतो आणि दुपारच्या सफारीने संपतो. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते. पर्यटकाशी बोलायची भाषा हिंदी आहे, त्यामुळे इथली हिंदी ही चित्रपटातून कानावर पडलेली भाषा नाही, ती पोटापाण्याची भाषा आहे. संध्याकाळनंतर बाहेर पडण्याला वाघ-बिबट्याच्या भीतीने आपोआप आळा बसतो. मानव-वन्यजीव संघर्ष चंद्रपूर जिल्ह्यात किती तीव्र आहे हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यास सांगायला नको. अंधार पडल्यावर घरात असलेली, दिवसभर हिंदी बोलून आलेली माणसे हिंदी आवाजातली मालिका पाहतात यात नवल नाही. भाषेचा नकाशा तर त्याहून गुंतागुंतीचा आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ३९ टक्के असून गोंडी आणि माडिया तिथे घराघरात आहेत. सिरोंचात तेलुगू चालते. चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बंगाली वसाहती आहेत. राजुरा तालुका राज्य पुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि तिथून तो महाराष्ट्रात आला. दाक्षिणात्य चित्रपटांना हिंदी आवाज चढवून दाखवण्याचा धंदा गोल्डमाईन्ससारख्या कंपन्यांनी देशभर वाढवला तेव्हा या भागात असेही प्रेक्षक होते ज्यांना मूळ तेलुगूच अधिक जवळची होती. आवाज चढवणे म्हणजे परक्याला ओळखीचे करणे, हे सूत्र त्यांच्या बाबतीत उलटे फिरते.

आता या आढाव्याच्या मध्यवर्ती मुद्द्याकडे वळता येईल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात आणि तिथे दिवाळीनंतर, धान निघून हाती चार पैसे आले की, होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. गावची मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला की रात्री नाटक, आणि ते पहाटेपर्यंत. पाहुणे-रावळे मुद्दाम त्यासाठी मुक्कामी येतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, ही या धंद्याची पेठ. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकप्रकारांच्या खांद्यावर उभी राहिलेली ही रंगभूमी आजही तिकीट लावून, तंबू उभारून चालते. तिचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि तृषांत इंगळे यांच्या २०२२ सालच्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने तिची ओळख बाहेरच्यांना करून दिली.

या नाटकांत काय असते? भावाने टाकलेली बहीण, दारूत बुडालेला बाप, कुंकवाची लाज राखणारी सून, गावचा पाटील आणि त्याची नियत, मध्येच विनोदी जोडगोळी, मध्येच नाचगाणे, आणि शेवटी दुष्टाचा निवाडा. शहरी समीक्षकाने नाक मुरडावे असे सारे आणि रात्रभर लोकांना जागेवर खिळवून ठेवणारेही. लॅटिन अमेरिकेतील विचारवंत हेसुस मार्तिन-बार्बेरो यांनी १९८७ साली अशा भावनाट्याविषयी मांडलेली भूमिका इथे उपयोगी पडते. भावनाट्य म्हणजे अश्रूंचा बाजार हा आक्षेप त्यांना मान्य नव्हता. या प्रकाराचा गाभा ओळख पटण्यात आहे, असे त्यांचे म्हणणे : हरवलेली मुलगी, लपवलेले बापपण, नाकारलेली सून यांची खरी ओळख शेवटी सर्वांसमोर उघड होते, आणि ज्या समाजाला राज्यसंस्थेने किंवा शहराने स्वतःची ओळख नाकारलेली असते तो समाज या गोष्टींत स्वतःचा खटला चालताना पाहतो. ‘मारीमार’ दुसऱ्या नावाने परत येते आणि फेरिहाचे तळघर जगापुढे येते ते याच घाटाने. झाडीपट्टीच्या नाटकात तिसऱ्या अंकात पत्र सापडते किंवा आईचे लॉकेट दिसते तेव्हा तंबूत जी कुजबुज उठते तिला हा घाट नवा नसतो. परदेशी मालिकेने इथे जमीन नांगरली नाही. नांगरलेल्या जमिनीत ती पेरली गेली.

अभ्यासकांनी दिलेली इतर स्पष्टीकरणे याच्या शेजारी ठेवून पाहावीत. जोसेफ स्ट्रॉबहार यांनी १९९१ साली ‘सांस्कृतिक निकटता’ ही संकल्पना मांडली. प्रेक्षक शक्यतो स्वतःच्या भाषेतील व संस्कृतीतील कार्यक्रम निवडतो आणि ते नसतील तर त्यातल्या त्यात जवळच्या संस्कृतीतील, असा तिचा सारांश. तुर्की आणि कोरियन मालिकांना ती बरीचशी लागू पडते. ईदच्या दिवशी थोरांच्या हाताचे चुंबन घेऊन तो कपाळाला लावणारी तुर्की पोरे, उंबऱ्याबाहेर चपला काढणारी आणि नववर्षाला जमिनीवर वाकून नमस्कार करणारी कोरियन कुटुंबे, लग्नाआधी दोन्हीकडच्या घरांची संमती, पुरुषापुढे न बोलणाऱ्या पण घर चालवणाऱ्या आज्या, हे सारे ओळखीचे वाटते. कोरियन मालिकेत माणसे दर दोन प्रसंगांत भात खातात, ही गोष्ट ज्वारीच्या वऱ्हाडात कदाचित जाणवणार नाही, पण धानाच्या झाडीपट्टीत ती निव्वळ सजावट राहत नाही. तरीही निकटतेचे तत्त्व एका ठिकाणी अडते. इएन आंग यांनी १९८० च्या दशकात ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेच्या डच प्रेक्षकांचा अभ्यास करून दाखवले की टेक्सासचे तेलसम्राट डच बायकांना खरे वाटत होते ते राहणीमानामुळे नव्हे. त्यांच्या भांडणांमागची भावना खरी होती म्हणून. या ‘भावनिक वास्तवा’ला देशाची सीमा नसते. दुसरीकडे तमार लीब्स आणि एलिहू कॅट्झ यांनी इस्रायलमधील अरब, मोरोक्कन ज्यू, रशियन स्थलांतरित आणि किबुत्झवासी अशा गटांना तीच मालिका दाखवली तेव्हा प्रत्येक गटाने तिची गोष्ट वेगळ्या पद्धतीने सांगितली. आणि जपानमध्ये तर ती पडलीच. तेव्हा निकटता मालिकेत असते त्यापेक्षा पाहणाऱ्याच्या सवयीत अधिक असते, असे म्हणणे रास्त ठरेल.

आवाज चढवण्याच्या कारागिरीकडे या सिद्धान्तांचे फारसे लक्ष जात नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने. डबिंग म्हणजे मूळ संवाद पूर्ण काढून त्या जागी नव्या भाषेतील आवाज बसवणे. संगीत आणि परिसराचे आवाज यांचा पट्टा मूळ निर्माता वेगळा देतो, त्यामुळे दार आपटल्याचा आवाज इस्तंबूलचाच राहतो आणि माणूस मात्र हिंदीत ओरडतो. पोलंडमध्ये एकच पुरुष निवेदक सगळ्या पात्रांचे संवाद एकसुरी वाचतो आणि मूळ आवाज मागे ऐकू येत राहतो. तो प्रकार स्वस्त, पण रडण्याला मारक. खरे डबिंग महाग, कारण संवादलेखकाला पात्राचे ओठ मिटतात त्या क्षणी प, ब, म असा एखादा ओष्ठ्य वर्ण आणावा लागतो आणि वाक्य ओठ थांबताना संपवावे लागते. यात तुर्की आणि कोरियन भाषांचा एक उपजत फायदा आहे : दोन्हींत क्रियापद हिंदी-मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘सोडून गेली’ किंवा ‘माफ केले’ हे शब्द नटाच्या चेहऱ्यावरच्या भावाबरोबरच पडतात. आदराच्या पायऱ्याही जुळतात. मोठ्या माणसाला वेगळ्या सर्वनामाने संबोधणाऱ्या तुर्कीचे आणि आदराचे अनेक स्तर असणाऱ्या कोरियनचे ‘आप’, ‘तुम’, ‘तू’ मध्ये रूपांतर नैसर्गिक होते, इंग्रजी उपशीर्षकांत मात्र ते सपाट होऊन जाते. दोन-दोन तासांचे तुर्की भाग कापून पाऊण तासाचे केले जातात, म्हणजे प्रत्येक भागाच्या शेवटी खिळवणारा क्षण मूळ लेखकाने नव्हे, भाग कापणाऱ्या संकलकाने ठरवलेला असतो.

कोणत्या नमुन्याच्या भाषेत आवाज चढवायचा, हा निर्णय सर्वांत कळीचा. अरब जगात १९९० च्या दशकात मेक्सिकन मालिका ग्रांथिक, प्रमाण अरबीत आल्या होत्या. त्या पाहिल्या गेल्या, पण प्रेमाच्या प्रसंगात पात्रे बातम्या दिल्यासारखी बोलत. २००८ मध्ये एमबीसी या अरबी वाहिनीने ‘ग्युमुश’ ही तुर्की मालिका ‘नूर’ नावाने सीरियाच्या रोजच्या बोलीत आणली आणि मोरोक्कोपासून आखातापर्यंत खळबळ उडाली. भारतीय हिंदी डबिंग याच्या उलट बाजूला आहे. ते कुणाच्याच घरची नसलेली, गुळगुळीत, उर्दूच्या चिमटीची स्टुडिओ-हिंदी बोलते. पण या गुळगुळीतपणाचाच मोहर्लीत उपयोग होतो, कारण ती हिंदी कुणा शेजाऱ्याची, कुणा साहेबाची किंवा कुणा पुणेकराची नसते.

मराठी वाहिन्यांची स्थिती इथे तपासली पाहिजे. ऑगस्ट १९९९ मध्ये अल्फा मराठी, जुलै २००० मध्ये ईटीव्ही मराठी आणि नोव्हेंबर २००८ मध्ये स्टार प्रवाह सुरू झाल्यापासून मराठी मालिकेचे घर बहुतांशी मुंबई-ठाणे-पुण्याचे राहिले आहे. बोलीभाषांना थारा मिळाला तो तुकड्यातुकड्याने : ‘रात्रीस खेळ चाले’ मध्ये मालवणी, ‘तुझ्यात जीव रंगला’ मध्ये कोल्हापुरी, ‘लागिरं झालं जी’ मध्ये सातारी. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधली राधिका नागपूरची होती आणि तिची वैदर्भी लकब हाच तिच्या स्वभावाचा भाग करण्यात आला. झाडीबोली मात्र या यादीत नाही. इंटरनेटवर चित्रपटांतील प्रसंगांना वऱ्हाडी किंवा नागपुरी आवाज देऊन केलेल्या चित्रफिती अमाप आहेत, पण त्या सगळ्या हसवण्यासाठी. विदर्भाच्या बोलीला परदेशी माणसाच्या तोंडी बसवायची मुभा आहे ती विनोदापुरती, दुःखापुरती नाही. या निरीक्षणाला अपवाद शोधावे लागतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

परदेशी मालिका थेट मराठीत का येत नाहीत, याचे उत्तर प्रामुख्याने हिशेबाचे आहे. मराठी प्रेक्षकाला हिंदी कळते, तेव्हा वेगळा खर्च करून नवा प्रेक्षक पदरात पडत नाही, असे वितरक मानतात. तमिळ, तेलुगूला तो खर्च परवडतो कारण तिथे हिंदी चालत नाही. विरोधाभास असा की हे हिंदी डबिंग घडते मुंबईत आणि त्यातले कैक आवाज मराठी नटांचे असतात. ‘पुष्पा’ मधला हिंदी अल्लू अर्जुन म्हणजे श्रेयस तळपदे. कर्नाटकात डबिंगवर अनेक दशके अघोषित बंदी होती आणि २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने तिच्याविरुद्ध निर्णय दिला. महाराष्ट्रात अशी बंदी लादावी लागलीच नाही, बाजारानेच ते काम केले. अपवाद म्हणून ‘बाहुबली’चा मराठी अवतार दाखवता येतो. प्रवीण तरडे यांच्या देखरेखीखाली, प्रभासला गश्मीर महाजनीचा आवाज देऊन तो २०२१ मध्ये शेमारू मराठीबाणा वाहिनीवर आला. मराठी मनोरंजन क्षेत्राने डबिंगऐवजी पुनर्निर्मितीचा मार्ग धरला आहे. ‘आई कुठे काय करते’ हे बंगाली ‘श्रीमयी’चे, ‘रंग माझा वेगळा’ हे मल्याळम ‘करुतमुत्तु’चे, ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे तमिळ ‘पांडियन स्टोअर्स’चे आणि ‘ठरलं तर मग’ हे तमिळ ‘रोजा’चे मराठी रूप. कोलंबियाच्या ‘बेट्टी ला फेआ’ वरून २००३ मध्ये सोनीने ‘जस्सी जैसी कोई नहीं’ केली ती याच वाटेने. पुनर्निर्मितीत स्थानिक नटांना काम मिळते ही जमेची बाजू. पण शेवट असलेली गोष्ट आपल्याकडे येताच अनंत होते, ही खर्चाची. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ पाच वर्षे चालली. सोळा भागांत संपणाऱ्या कोरियन मालिकेकडे मराठी प्रेक्षक वळतो त्यात या थकव्याचा वाटा नक्कीच आहे.

या मालिकांच्या परिणामांविषयी दोन टोकांची मते आढळतात. पोरी बिघडतात, संसार मोडतात, संस्कृती बाटते हे एक. दुसरे मत संशोधनाचा आधार घेते. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९ साली बिहार, गोवा, हरयाणा, तमिळनाडू आणि दिल्लीतील गावांचा अभ्यास करून दाखवले की केबल आल्यावर बायकोला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले आणि मुलगाच हवा हा आग्रह सैल झाला. कर्क जॉन्सन यांनी पाचगणीजवळच्या दोन गावांत राहून लिहिलेल्या २००० सालच्या पुस्तकातही टीव्हीमुळे घरातील कामाच्या वेळा आणि नवरा-बायकोतील बोलणे बदलल्याचे दिसते. मात्र हे अभ्यास केबलच्या काळातील, घरातल्या एकाच संचासमोर बसलेल्या कुटुंबाचे आहेत. मोबाइलवर एकटीने, कानात हेडफोन घालून पाहिलेल्या ‘फेरिहा’ला सासूची टिप्पणी नसते आणि नवऱ्याची परवानगीही नसते, त्यामुळे जुने निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. ‘फातमागुल’ ही सामूहिक बलात्कारानंतर न्याय मागणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. चारचौघांत बसून पाहणे अवघड, एकटीने पाहणे शक्य, अशा विषयांना या बदलाने वाट दिली, एवढे मात्र म्हणता येईल.

झाडीपट्टीच्या रंगभूमीला या मालिका मारतील, ही भीती टीव्ही आला तेव्हाही व्यक्त झाली होती आणि मोबाइल आला तेव्हाही. हंगाम अजून लागतो, तंबू भरतात. रंगमंचावरच्या नायिकेच्या वेशात आणि संवादात मालिकांची छाया शिरते, ती शिरणारच. दंडारीतून नाटक झाले तेव्हाही बाहेरचे पुष्कळ आत आले होते. अधिक अडचणीचा प्रश्न गोंडीचा आहे. मुलचेऱ्यातील बंगाली घरात डीटीएचवर मूळ ‘श्रीमयी’ पाहता आली आणि शेजारच्या मराठी घरात तिचेच मराठी रूप. सिरोंचात तेलुगू वाहिन्या आहेत. परंतु २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख भाषक असलेल्या गोंडीत ना डबिंग आहे ना पुनर्निर्मिती. गोंडी गाण्यांच्या चित्रफिती यूट्यूबवर भरपूर आहेत, त्यांचे कलाकार आणि ध्वनिमुद्रण करणारे लहान स्टुडिओ सीमेच्या दोन्ही बाजूंना, महाराष्ट्रात आणि छत्तीसगडमध्ये, काम करतात; म्हणजे आवाज आहेत आणि यंत्रेही आहेत. उणीव आहे ती परिसरध्वनीच्या पट्ट्यासह मालिकेचे हक्क विकत घेणाऱ्याची, आणि फुकट मंचांच्या हिशेबात गोंडी प्रेक्षक हिंदी समजणाऱ्यांत आधीच मोजला गेल्यामुळे तो विकत घेणारा नजीकच्या काळात पुढे येईल असे दिसत नाही.